पाटी उचलली तेव्हा

दाजी: ...आणि आता अत्तर काढलंय शर्यतवाल्यांनी. जळक्या टायरच्या वासाचं. टीमनं तुझ्यासाठी जी टोपली पाठवलीय ना, तिच्यात एक बाटली आहे. मघाशी झाकण काढलं आणि लगेच परत घट्ट लावलं.

पंप्या: टायरच्या वासात हयात गेली की आपली, दाजी.

दाजी: टायरचा वास वेगळा. हे म्हणजे टायरला पावडर लावून बोहल्यावर उभं केल्यासारखं.

पंप्या: हसवू नका. पाय प्लास्टरमध्ये गप्प बसतो, बरगडी नाही बसत.

दाजी: हसण्यासारखं काय आहे यात? तीन लाख माणसं आली होती म्हणे या वेळी. आपण कामाला लागलो तेव्हा चोवीस तासांच्या मोटारशर्यतीला पहाटे प्रेक्षकांच्या स्टँडवर कुत्रं नसायचं. असली तर चार-पाचशे माणसं, घोंगड्या पांघरून, वहीत फेऱ्या मोजत बसलेली. एखादा म्हातारा खाली येऊन विचारायचा, तिसऱ्या नंबरच्या गाडीचा गिअर अडकतोय का हो, आवाज बदललाय. आवाजावरून ओळखायचे. आणि परवा? मी ब्रेक बदलतोय, हात भाजताहेत, आणि पिटमध्ये पाहुणा म्हणून शिरलेला एक इसम खांद्यावर टिचकी मारून विचारतो, काका, मायलेज किती देते?

पंप्या: काय सांगितलंत?

दाजी: म्हटलं, ढकलत नेली तर चांगलं देते.

पंप्या: त्यानं लिहून घेतलं असेल.

दाजी: फोनवर घेतलं. सगळं फोनवर घेतात. वर काचेच्या गॅलरीत बसून खातात, पितात, आणि खाली आम्ही माकडं.

पंप्या: पण दाजी, लोक येतात ते वाईट नाही. मधल्या वर्षांत आपल्या गॅरेजला टाळं लागायची पाळी आली होती, विसरलात? मोठ्या कंपन्या पुन्हा गाड्या उतरवायला लागल्या म्हणून तरलो. परवा एका पोरीनं माझी सही घेतली. पेट्रोल भरणाऱ्याची सही. मी एकोणीस वर्षं नळी धरतोय हे तिला पाठ होतं. माझ्या बायकोला नाही.

दाजी: त्याच पोरीनं आता तुझी क्लिप बघितली असेल.

पंप्या: बघू दे.

दाजी: गाणं लावलंय तिला. गाडी सुटते, नळी ताणली जाते, तू फरफटत जातोस, आणि मागे ठेका वाजतोय. तीनदा दाखवतात. तिसऱ्यांदा सावकाश. शिसारी आली मला. माणूस जमिनीवरून घासत चाललाय आणि वर काचेमागे टाळ्या.

पंप्या: त्यांना वाटलं असेल, तिकिटात हेही येतं.

दाजी: थट्टा नको रे.

पंप्या: मग काय करू? काल सकाळपासून तुम्ही जगाला शिव्या घालताय. प्रेक्षकांना, कंपन्यांना, आता अत्तराला. आग लागली नाही, गाडी नववी आली, पाय जुळेल. चूक माझी होती, मी ती पदरात घेतली, संपलं.

दाजी: तुझी कशावरून?

पंप्या: दुसऱ्या कुणाची असणार? सकाळी नर्सबाईंना हेच समजावत होतो. म्हटलं, शर्यतीच्या मध्येच गाडी पेट्रोलला पिटमध्ये थांबते. मी टाकीला नळी लावतो, आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गाडीच्या पुढ्यात पाटी धरून उभे राहतात. नळी निघाली की मी हात वर करायचा. तो हात बघून दाजी पाटी उचलणार. पाटी उचलली की ड्रायव्हर सुटणार. इतकं सोपं आहे. मला आठवतं ते एवढंच, की नळी टाकीत होती आणि मग एकदम जमीन. म्हणजे नळी निघायच्या आधीच माझा हात वर गेला असणार. पंचेचाळिशी उलटली, एकोणीस तास पायांवर होतो. गेला असेल नकळत.

दाजी: असेल म्हणजे काय?

पंप्या: एकोणीस वर्षांत तुम्ही माझ्या हाताआधी पाटी उचललीय का कधी? नाही ना? मग उरलं कोण?

मॅडम: येऊ का आत?

दाजी: या. प्रसिद्धी खात्याची तेवढी उणीव होती.

मॅडम: दोनच मिनिटं घेते. कसं वाटतंय तुम्हाला? टीममध्ये सगळे विचारताहेत. आणि बाहेरचेही, खूप. ती क्लिप आतापर्यंत दोन कोटी लोकांनी बघितलीय. त्यामुळे झालं काय, हा प्रश्न वाढत चाललाय. टीमला वाटतं, तुम्ही स्वतः दोन वाक्यं बोललात तर विषय आपोआप मिटेल.

पंप्या: कुठली दोन वाक्यं?

मॅडम: मी लिहून आणलीत. 'थकव्यामुळे माझा अंदाज चुकला. पण या खेळावर माझं प्रेम आहे, पुढच्या वर्षी भेटू.' शेवटी अंगठा दाखवलात तर छान दिसेल.

पंप्या: पुढच्या वर्षी भेटू, हे खरं आहे का? नळी देणार मला परत?

मॅडम: नळी... नाही देता येणार. सुरक्षेचा मुद्दा निघतो. पण पाहुण्यांना गॅरेज दाखवायला अनुभवी माणूस आम्हाला हवाच आहे.

दाजी: मायलेज सांगायला.

पंप्या: थांबा दाजी. ठीक आहे मॅडम, करा चालू. चुकलो तर भोगायला नको का? दाजी, उशी जरा वर घ्या, मान खाली जातेय.

मॅडम: मी सुरू करते. तुम्हाला वाटेल तेव्हा बोला.

(दाजी उशीला हात लावत नाहीत.)

दाजी: तुझ्या हातामुळे काही झालं नाही.

पंप्या: तुम्ही बघितलंत?

दाजी: नाही. बघितलंच नाही. पाटी उचलली तेव्हा मी तुझ्याकडे बघतच नव्हतो.

पंप्या: मग कुठे बघत होता?

दाजी: कॅमेऱ्याकडे. डावीकडच्या खांबावर नवा बसवलाय, तिकडे. आदल्या वेळी गाडी पिटमध्ये आली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, पाटी उचलताना मान जरा डावीकडे घ्या, मोठ्या पडद्यावर चेहरा छान येतो. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. पण पुढच्या वेळी मान गेली. पोट आत घेतलं रे मी. हेल्मेटची काच वर केली. टाकी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला असेल, असं मनाशी धरलं आणि पाटी उचलली.

पंप्या: दाजी.

दाजी: गाडी हलली तेव्हाही मी पडद्यावर स्वतःला शोधत होतो. तुझी किंकाळी त्याच्यानंतर ऐकली.

मॅडम: हे... हे सगळं चित्रित होतंय. बंद करते मी.

दाजी: राहू दे चालू. चौकशी समितीला हेच द्या.

मॅडम: टीमला चालणार नाही. तुम्हाला पाटीवर ठेवणार नाहीत मग.

दाजी: ठेवूही नये.

मॅडम: दाजी, मान डावीकडे घ्या असं मी सांगितलं होतं तुम्हाला.

दाजी: ठाऊक आहे.

मॅडम: मग 'कुणीतरी' का म्हणालात?

दाजी: मान तुमची नव्हती.

मॅडम: समिती पाच वाजेपर्यंत म्हणणं घेणार आहे. लेखी लागेल, सहीनिशी. त्या खांबावरच्या कॅमेऱ्याचं मूळ चित्रण माझ्याकडे आहे. दोन्ही वेळचं. आदल्या वेळच्या चित्रणात माझा आवाज येतो. ते मी घेऊन जाते, टीमला न विचारता. आणि ती क्लिप उतरवायला सांगते. लोकांनी आधीच घेऊन ठेवलीय ती मात्र फिरत राहणार.

पंप्या: निदान गाणं काढा तिचं.

मॅडम: सांगून बघते. निघते मी. दाजी, तुम्ही साडेचारपर्यंत या.

दाजी: येतो.

पंप्या: दार लावून घ्या मॅडम.

दाजी: पंप्या, ऐक जरा.

पंप्या: ताईला काय सांगितलंत?

दाजी: सगळ्यांना वाटलं तेच.

पंप्या: म्हणजे काल ती इथे बसून मला समजावत होती, वय होतं रे माणसाचं, त्यात लाज कसली, तेव्हा तुम्ही तिच्या मागे उभे होता. संत्रं सोलत.

दाजी: हो.

पंप्या: बिया काढून दिल्यात मला.

दाजी: शिव्या दे हव्या तर. हात उगार. मला माझीच किळस आलीय, तुला यायला नको का?

पंप्या: शिव्या तुम्ही कालपासून भरपूर दिल्यात. दुसऱ्यांना. ऐकून ऐकून मला वाटलं, किती जीव तुटतोय दाजींचा माझ्यासाठी.

दाजी: तुटत होता रे. खोटं नव्हतं ते.

पंप्या: पाय मोडला त्याचं काही नाही. पिटमध्ये मोडतात पाय. तुमचाही मोडला होता, तेव्हा मी उचलून नेलं होतं. पण काल झोप लागेना, तर मी इथे पडल्या पडल्या हात वर करून बघत होतो. आपोआप उठतो का खरंच. पन्नास वेळा तरी केलं असेल. नर्सबाई धावत आल्या, काय हवंय म्हणून. काय सांगणार त्यांना?

दाजी: चुकलं माझं.

पंप्या: समितीकडे जायच्या आधी घरी जा. ताईला सांगा. आज इथे घेतलेलं चित्रण बघून तिला कळायला नको.

दाजी: आत्ताच जातो. मग समितीकडून सरळ इकडे येईन. संध्याकाळचं जेवण घेऊन येऊ ना तुझं?

पंप्या: ताईला पाठवा.