बाबांच्या चपला आणि वाकड्या माना

...आणि वर बाबा मलाच म्हणतात, "बाजूला हो, डॉक्टरला बघू दे!" अहो, काय बघू दे? सोमवारपासून घसा फोडून सांगतोय, कोंबड्यांना मानमोडी झालीय, मानमोडी! माना पिळल्यागत वाकड्या, हिरवी हगवण, चोची उघड्या टाकून घरघर... आणखी काय, कोंबडीनं स्वतः येऊन अर्ज द्यायचा? पण बाबांचं ठरलेलं उत्तर, "तू गप रे, अर्धवट!" पशुवैद्यकीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं ना मी, तेव्हापासून घरात माझं तेच नाव पडलंय.

आता रोग आला कुठून? बाबांच्या चपलांतून! शेजारच्या कोंबडीवाल्याकडे मर लागली म्हणून हे समाचाराला गेले, आणि त्याच चपलांनी तरातरा आमच्या पहिल्या शेडमध्ये! दारात पाय बुडवून आत यायला जंतुनाशकाची परात ठेवलीय मी, तिच्यावरून या वयात टुणकन उडी! का? तर चपला खराब होतात! शेवटी मी दुसऱ्या शेडला कुलूप ठोकलं नि किल्ली खिशात घातली. हे दार बडवतायत, "माझ्याच शेडमध्ये मला बंदी? उघड, अर्धवट!"

बुधवारी आला आमचा चुलतभाऊ. घरातला जनावरांचा डॉक्टर! आईनं मला आजवर कधी कपबशीतून चहा दिला नाही. त्याला कप, कपाखाली बशी, बशीखाली ताटली! तुम्हाला सांगतो, जळलो मी. अक्षरशः करपलो.

त्यानं मेलेली कोंबडी फळीवर घेतली, सुरी लावली, आणि मी मनात घोकतोय, चुकू दे याला, एकदा तरी तोंडावर आपटू दे... आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, यानंही मानमोडीच सांगितली, तर तो चुकायला आधी मीच चुकायला हवा! म्हणजे त्याची जिरवायला स्वतःचंच नाक कापून घेऊ? जठर उघडलं. आत रक्ताचे ठिपकेच ठिपके, मानमोडीचीच खूण.

"काका, मानमोडी दिसतेय. नमुना तपासणीला पाठवू, पण तोवर..."

"मानमोडी!" बाबा असे दचकले, जणू हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. "बघ रे अर्धवट, याला म्हणतात शिक्षण!"

बरं, भाऊ नालायक असता तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या. तोही भला माणूस! म्हणतो, "काका, दुसरी शेड कुणी बंद केली? त्यामुळेच आतापर्यंत वाचलीय ती." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे काढली. आत्ता म्हणतील... आत्ता...

"कुणी म्हणजे? मीच करायला लावली!"

वर हुकूम, "डॉक्टरचे बूट धू." धुतले. जंतुनाशकात बुडवून, तळवे घासून, दोनदा. मग बाबांच्या चपला दिसल्या. मनात आलं, मरू देत, राहू देत तशाच... पण दुसऱ्या शेडमध्ये पाचशे माना अजून सरळ आहेत हो. धुतल्या त्याही. कॉलेज अर्धवट सोडता येतं, चपला नाही.