पाचव्या खड्ड्यातली माती

नव्या खाणीबद्दल हरकती नोंदवायचा शेवटचा दिवस होता. रांगेत उभ्या असलेल्या एका टायपिस्टबाईंच्या पुढे आता एकच आजी उरल्या होत्या, आणि त्या खिडकीपुढून हलायचं नाव घेत नव्हत्या.

"आजी, खाणीला विरोध असेल तर तसा अर्ज द्या," खिडकीतला माती तपासणारा अधिकारी म्हणाला.

"खाणीचं तुमचं तुम्ही बघा. तुमच्या मातीच्या अहवालात चूक आहे, ती दुरुस्त करा."

"अहो, तपासणीचे खड्डे मी स्वतः खणलेत."

"चौथ्या खड्ड्याचं वाचा बघू."

"'चिकण माती. वाहनांच्या ये-जामुळे दगडासारखी घट्ट.' बरोबरच आहे. घाम काढला तिने माझा!"

"तिथून कधी साधी सायकलसुद्धा गेली नाही. माझ्या मागच्या दारापासून शेजारणीच्या दारापर्यंतची वाट आहे ती."

"नुसत्या चालण्याने एवढी घट्ट?"

"एकेचाळीस वर्षं. ती साखर मागायला यायची, मी ती परत मागायला जायचे."

"बरं, त्यांनाही विचारतो. कुठे असतात?"

"घर विकून लेकाकडे गेली. नाहीतर तीच आली असती तुमच्याशी भांडायला."

"ठीक आहे, वाहनं खोडली. काय लिहू?"

"दोन बायका."

"लिहिलं. आता पाचवा खड्डाही बघून घ्या, तुमच्या पुढच्या दारासमोरचा. 'माती भुसभुशीत, पाय न लागलेली.' दारासमोर अशी कशी असेल? इथे मात्र माझीच चूक दिसतेय."

आजींनी पिशवी उचलली आणि टायपिस्टबाईंना जागा करून दिली.

"नाही, ते बरोबर आहे. ते राहू द्या."