जिभेपुरती जागा

व्हर्ना : हे कोणी केलं?

बेन्यात : काय कोणी केलं?

व्हर्ना : तुझ्या बापाचं कडियाळं आहे ना हे? चांदीची फुलं तीच, बाजूच्या दांड्याही त्याच. मग मधली कमान कुठे गेली? घोडीच्या तोंडात जायचा भाग कापून सरळ दांडका केलाय.

मायते : मी कापून घेतली. वेल्डिंगवाल्याकडून.

व्हर्ना : का गं?

मायते : का म्हणजे? केवढी उंच होती ती, व्हर्नामावशी! टाळूत रुतत असेल असं वाटायचं. बघून माझ्याच अंगावर काटा यायचा. त्यात आइताचा हात हा असा.

बेन्यात : स्वतःच्या बापाचा हात मध्ये आणू नकोस. सकाळची थंडी आहे.

मायते : आइता, ऐन जुलैत अर्धी कॉफी शर्टावर सांडत होतास.

बेन्यात : बघ व्हर्ना. माझी पोर. बापाची लाज वेशीवर टांगते.

व्हर्ना : वेशीवर कुठे, माझ्या शेडमध्ये टांगतेय. इथे आधीच विकायची बरीच कडियाळी टांगलीत. घोडी करते काय, ते सांगा.

बेन्यात : काही करत नाही. सोन्यासारखी घोडी. शिंगरू होती तेव्हापासून माझ्या हाताखाली आहे. करंगळी हलवली की वळायची.

व्हर्ना : वळायची. आणि आता?

मायते : डोकं झटकते. तोंड वासते, जीभ बाहेर काढते. परवा फाटकापाशी मागच्या पायांवर उभी राहिली. हा पडला नाही ते नशीब. मी सरळ सांगते. शनिवारी डोंगरावरून गुरं खाली आणायची आहेत. तोवर घोडीचं तोंड शांत झालं तर आइता घोडीवर. नाही झालं तर ट्रकमध्ये, माझ्या नवऱ्याशेजारी.

बेन्यात : ट्रकमधून सँडविच येतात. माणसं येत नाहीत.

व्हर्ना : माझा नवरा जन्मभर ट्रकमधून आला. त्याला माणूस म्हणायचं की सँडविच?

बेन्यात : त्याचं वेगळं. त्याला घोडं कळायचंच नाही.

व्हर्ना : आणि तुला कळतं? मग हे तोंडात घालून वर बसलास कसा? चल, घोडीकडे. मायते, म्होरकी धर.

(बाहेर, ट्रेलरला बांधलेल्या घोडीपाशी.)

व्हर्ना : ओठ उचल. आणखी. अगं बाई, ही जीभ आहे की उशी? बेन्यात, इतक्या वर्षांत कधी बघितली होतीस हिची जीभ?

बेन्यात : घोडीची जीभ कोण बघतं? दात बघतात.

व्हर्ना : दात बघतो तो विकत घेणारा. तू आता जीभ बघ. इथे. आडवा वळ दिसतोय?

मायते : निळसर झालंय.

व्हर्ना : कमान कापली की सगळा भार जिभेवर आला. आधी जीभ कमानीखाली मोकळी राहायची. लगाम ओढला तर दाब दोन्ही बाजूंच्या हिरडीवर वाटून जायचा. आता ओढला की जीभ चेचते. म्हणून ती बाहेर काढते. ठेवायला जागाच नाही.

मायते : म्हणजे उंच कमान टाळूला लागत नव्हती?

व्हर्ना : कुणी कसायासारखा लगाम ओढत असता तर लागली असती. तुझा बाप ओढत नव्हता.

मायते : मग हे मी केलं. घोडीचं तोंड मी फोडलं.

व्हर्ना : हो. तू.

बेन्यात : ए, तिला काय बोलतेस! मी हो म्हणालो म्हणून तिनं कापलं. कडियाळं माझं होतं. नाही म्हणायला तोंड होतं मला.

मायते : आइता, राहू दे.

बेन्यात : नाही राहू देणार. दुसरं काढ व्हर्ना. मऊसं. कामाचं.

मायते : हे चालेल? रबर गुंडाळलेलं. जाड आहे, टोचणार नाही.

व्हर्ना : पुन्हा तेच! जिभेला जागा नाही, आणि तू तोंडात आणखी एक उशी कोंबतेस? दिसायला मऊ आणि आत मऊ यांत फरक असतो, पोरी. दुकानदार असलंच ‘मऊ’ म्हणून विकतात आणि लोक कुरवाळत घरी नेतात. ते ठेव तिथेच. बेन्यात, इकडे ये. लगाम धर.

बेन्यात : कुणाचा?

व्हर्ना : माझा. मी घोडी. तुझं हे जुनं कडियाळं माझ्या हाताच्या हाडावर ठेवलंय. डोळे मिटते. आता मला काही सांगू नकोस. नुसता उभा राहा.

बेन्यात : उभा आहे.

व्हर्ना : गप्प उभा राहा.

बेन्यात : अगं गप्पच आहे! तोंड मिटलंय माझं!

व्हर्ना : तोंड मिटलंय. हात बडबडतोय. वळ, थांब, मागे हो, नको, वळ, थांब. आणि दांड्या एवढ्या लांब की तुझं पुटपुटणं मला ओरडल्यासारखं लागतंय. दिवसभर हे ऐकून मीसुद्धा मागच्या पायांवर उभी राहीन.

मायते : मुस खेळतानाही असंच होतं. पत्त्यांची खूण फक्त भिडूला करायची असते, हा सगळ्या टेबलाला करतो. रविवारी शेजारच्या लारालदेची पोरं हसत होती.

बेन्यात : हसत होती?

मायते : थोडी.

बेन्यात : व्हर्ना, खरं सांग. तिला एवढं सगळं कळतं?

व्हर्ना : तूच शिकवलंस तिला. करंगळी हलली तरी ऐकायचं. ती अजून ऐकतेय.

बेन्यात : मग घोडी वेडी झालेली नाही.

व्हर्ना : घोडी शहाणी आहे. तुझा हात वेडा झालाय.

मायते : मावशी!

व्हर्ना : मग काय खोटं बोलू? थंडी म्हणू? हे बघा. हे घ्या. कमान बुटकी, पण रुंद. जीभ आरामात मावेल. दांड्या आखूड आणि मागे वळलेल्या. मागे वळलेली दांडी उशिरा बोलते. हात हलला तरी लगेच चुगली करत नाही. हनुवटीखाली साखळी नको, कातडी पट्टा. दोन बोटं आत जातील एवढा सैल.

बेन्यात : आणि ही साखळी कसली?

व्हर्ना : लगामाच्या टोकाला लावायची. जड आहे. थरथर तिच्या वजनातच मुरते, तोंडापर्यंत पोचत नाही. धर. पुन्हा घोडी होते. लगाम लोंबू दे. आणखी. म्हाताऱ्याच्या पोटासारखा.

बेन्यात : आता?

व्हर्ना : थांब.

बेन्यात : आता काय ऐकू येतंय?

व्हर्ना : काही नाही. गप्प आहेस.

मायते : आइता गप्प! कोणीतरी पाद्र्याला बोलवा.

बेन्यात : हस, हस. पण हे बघ ना कसं दिसतंय. चांदी नाही, नक्षी नाही. पर्यटकांना फिरवणाऱ्या तट्टाच्या तोंडात असलं घालतात. आपल्याकडे तयार घोडं लांब दांडीच्या कडियाळ्यात चालतं. माझा बाप तसाच गेला. शनिवारी सगळं खोरं जमेल. म्हणतील, बेन्यात उताराला लागला.

व्हर्ना : लागलाच आहेस.

बेन्यात : तू भलतीच बाई आहेस.

व्हर्ना : आणखी एक ऐक. हात आणखी बिघडेल. त्यासाठी माझ्याकडे कडियाळं नाही. हे यंदापुरतं. पुढच्या वर्षी दोघांनी पुन्हा या, पुन्हा बघू.

मायते : चांदीची फुलं काढून यावर बसवता येतील ना?

बेन्यात : नको. ती बघणाऱ्यांसाठी होती. घाल हेच.

व्हर्ना : तू घाल. तुझी घोडी.

बेन्यात : ये गं. ये. उघड... बघ, तोंड पुढे केलं! मायते, बघितलंस? स्वतःहून घेतलं. परवा दात आवळून बसली होती.

व्हर्ना : वर बस. जिभेवर वळ आहे, तेव्हा आज ओढून थांबवायचं नाही. बसण्यानं थांबव. लगाम मानेला टेकव आणि सोड. टेकव आणि सोड.

मायते : हात खाली, आइता.

बेन्यात : खालीच आहे.

मायते : आणखी खाली. हं. वळली. मावशी, तोंड मिटलंय तिचं.

व्हर्ना : चघळतेय. चघळू दे. आता थांबव.

बेन्यात : थांबली. व्हर्ना, मी लगामाला हातसुद्धा लावला नाही!

व्हर्ना : म्हणून थांबली. जखम भरेपर्यंत घरी म्होरकीवरच फिरव. हे तोंडात घालायचं ते थेट शनिवारी. आणि उद्याच्या उद्या तिच्या डॉक्टरला जीभ दाखव.

बेन्यात : दाखवतो. तर मग मायते, मालकीणबाई, काय हुकूम? घोडी की ट्रक?

मायते : डॉक्टर नको म्हणाला तर ट्रक. हो म्हणाला तर घोडी. पण लगाम एकदा जरी ताणलेला दिसला, तर तिथल्या तिथे खाली उतरवीन. लारालदेच्या पोरांसमोर.

बेन्यात : दिसेल कसा तुला? मालकीण कळपाच्या पुढे असते.

मायते : शनिवारी मी मागे आहे. तुझ्या मागे.

बेन्यात : मागे? अगं, एवढ्या गुरांची सगळी धूळ तुझ्या तोंडात जाईल.

मायते : जाऊ दे. रुमाल बांधीन.