फळ्यांचं कोठार

पूर-सराव पाहून लिहिलेल्या अहवालात हिल्केला शून्य गुण मिळाले. पण तिनं ते मानलंच नाही; नायमेखेन शहराला परतणारी वर्गाची बस निघाली तेव्हा सरांशी वाद घालताना हिल्केचा आवाज अजून चढलेलाच होता. नदीच्या बांधाखाली घर असलेला तिचा वर्गमित्र वुबो मागच्या सीटवर कान देऊन बसला होता.

"सर, पूर आला की बांधातून जाणारा रस्ता फळ्या लावून बंद करायचा, बरोबर?"

"बरोबर. वाहतूक अभियांत्रिकीचा पहिला धडा. रस्ता बंद पडला तरी चालेल, गाव वाचलं पाहिजे."

"मग फळ्यांचं कोठार नदीच्या बाजूला का बांधलंय?"

"तिथं जागा होती."

"अहो, पुरात आधी कोठारच बुडेल!"

"दरवर्षी सप्टेंबरात सराव होतो. एकदाही बुडलं नाही."

"आपल्याकडं पूर हिवाळ्यात येतो. सप्टेंबरात नदी तळाला असते, सर!"

"मग काय, भरलेल्या नदीत सराव करायचा? आणि तुला सरावाला किती मिनिटं लागली ते लिहायचं होतं. तू चार पानं कोठारावर खरडलीस."

"चूक कळवायची तरी कुणाला?"

"जलमंडळाला. नदी, बांध सगळं त्यांच्याच ताब्यात. त्याचा फॉर्म असतो."

"कुठं मिळतो?"

"कोठारात."

वुबोनं तिथंच मांडीवर कागद घेतला. 'माननीय जलमंडळ, पुढील पुराच्या वेळी नदीनं कोठाराला वळसा घालून यावं, असे आदेश तिला देण्यात यावेत, ही नम्र विनंती. आपला, वुबो, बांधाखालचं पहिलं घर.'