चिकटलेले सहा वाडगे

सासूबाई : सहाच्या सहा भट्टीच्या फळीला चिकटले?

सून : हो आई. ग्लेझचा लेप ओघळून बुडाखाली गेला. हातोडीनं सोडवावे लागले. बाकीचे चौतीस मात्र छान उतरलेत.

सासूबाई : त्यांचं कौतुक नंतर. माझ्या काळ्या ग्लेझवर तुझं पांढरं द्यायचं ते हलक्या हातानं, हे हजारदा सांगितलंय. थर जाड झाला की वितळून पळतो. काठ बुडवायचा, दोन आकडे मोजायचे की बाहेर. तू काय झोप काढलीस?

सून : चुकलं माझं.

सासूबाई : पुढच्या भट्टीपासून पांढऱ्या बादलीला हात लावू नकोस. दोन्ही थर मीच देईन.

सून : बरं.

सासूबाई : बरं? एरवी दिवा कुणी चालू ठेवला यावरून तासभर भांडतेस. आण बघू त्यातला एक फुटका वाडगा.

सून : हाताला लागेल. टाकून देते ना मी.

सासूबाई : आण म्हटलं ना!

(सासूबाई वाडग्याच्या आतून अंगठा फिरवतात.)

सासूबाई : अगं, तू तर नुसता काठ बुडवतेस. मग आत तळाशी काळं एवढं कसं साचलं?

सून : भट्टी जास्त तापली असेल.

सासूबाई : या सहांपुरतीच? हे काळ्यात दोनदा बुडवलेत. आणि काळी बादली माझी.

सून : कच्चं ग्लेझ सुकलं की मातीसारखंच दिसतं, आई. कुणाचीही गफलत होईल.

सासूबाई : तुझी नाही झाली. तू बघितलंस?

सून : मंगळवारी. ती दुकानवाली मंडळी तुमचं काम बघायला आली होती. तुम्ही बुडवलेल्या रांगेतलेच परत उचलत होतात. त्यांच्यासमोर कसं बोलू? नंतर खरवडावं म्हटलं, तर तुम्ही भट्टी रचायलाही घेतलीत.

सासूबाई : आणि आत्ता? आत्ता कोण आहे समोर?

सून : आत्ता सांगितलं असतं, तर तुम्ही बादलीवर झाकण घातलं असतं ते कायमचं. ओळखते मी तुम्हाला. मला एकटीला नाही करायचं हे काम.

सासूबाई : वर्षभर धूसर दिसतंय गं. तुझ्या नवऱ्यालाही बोलले नाही. भीती वाटायची, हातातलं काम काढून घ्याल.

सून : कोण काढून घेतंय?

सासूबाई : मग ऐक. माझ्या हातात भांडं देताना सांगायचं, कोरं आहे की बुडवलेलं.

सून : कुणी बघायला आलं असलं तरी?

सासूबाई : तरी. आणि जरा मोठ्यानं सांग.