फ्रीजरमधला बर्फ

मरिएल : पापा, फ्रीजरमधला बर्फ कुठे गेला?

ओरेल : कुठला बर्फ?

मरिएल : चार बादल्या! फेब्रुवारीत मी स्वतः भरून ठेवलेला.

ओरेल : तो होय? फेकला. शिकारी रेजाँने अर्धं मूस-सांबर कापून दिलं, त्याचं मांस काय डोक्यावर ठेवू?

मरिएल : फेकला?

ओरेल : पोरी, पाच महिने दारातला बर्फ उपसून माझी कंबर गेली, आणि तू तोच घरात आणून वर वीज जाळतेस! मला वाटलं, तुझं डोकं फिरलं.

मरिएल : ते आत्ता फिरतंय! दुपारी मॉन्ट्रियलहून बस येतेय. चाळीस माणसं. मेपलच्या रसाचा उकळता पाक बर्फावर ओतायचा, काडीला गुंडाळून खायचा, एवढ्यासाठी येतायत. आणि बाहेर बघा, नुसता चिखल!

ओरेल : मग बशीत वाढ.

मरिएल : बशीत! ती पर्यटनवाली बाईही येणार आहे. तिच्या वसंतातल्या सहलींच्या यादीत आपण राहिलो, तरच पुढच्या वर्षी बस. नाहीतर या खोपटाला कुलूप. मग बसा तुमच्या मूसला कवटाळून!

ओरेल : आमच्या वेळी कसली यादी? झाडं होती, रस होता, शेजारीपाजारी यायचे.

मरिएल : शेजारी शहरात गेले, पापा! तेच आता बसने येतात!

ओरेल : ओरडू नकोस. पाक उतू जाईल.

मरिएल : जाऊ दे! मला बर्फ हवाय. एप्रिलमध्ये. आत्ता.

ओरेल : ...वरच्या घळीत असेल.

मरिएल : कुठल्या घळीत?

ओरेल : पाइनच्या झाडांमागे. ऊन पोचत नाही तिथे. तुझी आई हंगामाचा शेवटचा पाक तिथेच ओतायची. एकीकडे ओतणं, एकीकडे चर्चमधलं गाणं. पाक थंड व्हायचा, गाणं संपायचं नाही.

मरिएल : आणि आई गेल्यापासूनच्या तीन वर्षांत हे मला सांगितलं नाहीत?

ओरेल : ती गेल्यावर मी तिकडे फिरकलोच नाही.

(ओरेल फावडं उचलतो, पुन्हा भिंतीला टेकवून ठेवतो.)

मरिएल : राहू द्या. बादल्या घेऊन मी जाते.

ओरेल : बादल्या नकोत. खाली येईस्तोवर पाणी होईल. कढई ट्रॅक्टरवर चढव, आणि माणसंच वर ने.

मरिएल : तिथे? चाळीस परकी माणसं? चालतील तुम्हाला?

ओरेल : मला नाही चालायची. तिला चालली असती.