पाचची बेल

धाकटी : घास मऊ, पाणी चमच्याने, गोळी चेचून. मैनाच्या वहीतलं सगळं झालं पाठ. आता उद्या ऑपरेशनला दवाखान्यात जाणार आहेस, की तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलायचीय?

ताई : पाठ झालं म्हणे. डोकं पुढे कलतं ठेवायचं, ते राहिलं.

धाकटी : डोकं पुढे. ताई, अकरा वर्षांच्या मैनाला उचलून उचलून हर्निया झालाय तुला. खोकतानाही पोट धरतेस. दाजींनी आठ दिवस रजा घेतली, मी शिवणाची कामं लोकांना परत देऊन आले. आता कुठे घोडं अडलंय?

ताई : पाच वाजता.

धाकटी : पाच वाजता काय?

ताई : ते वहीत लिहिलं नाही. लाज वाटली. मैना मला आई म्हणत नाही. वर्ष होईल आता. बाई म्हणते.

धाकटी : कुठल्या बाई?

ताई : शाळेतल्या. डॉक्टर डिमेन्शिया म्हणाले, मुलांनाही होतो, सगळं विसरत जातात, तेव्हा तिसरीत होती ना, तेवढंच धरून बसलीय. मग दिवसभर मी बाई. हजेरी घेते, डबा संपवायला लावते. पण संध्याकाळ झाली की, बाई, आई कधी येणार न्यायला? रडून रडून आकडी यायची. एक दिवस मागच्या दाराने बाहेर पडले, पुढे येऊन बेल वाजवली. खांद्यावर शाल टाकली होती. म्हटलं, चल मैना, घरी.

धाकटी : मग?

ताई : मग काय, गळ्यात पडली. तेव्हापासून रोज पाचला बेल. झोपेपर्यंत आई. सकाळी परत बाई.

धाकटी : आणि हे तू मला आज सांगतेस?

ताई : काय सांगणार होते? रोज माझ्याच घरी मी पाहुणी येते म्हणून?

धाकटी : दाजींनी वाजवली तर?

ताई : वाजवली एकदा. त्यांना म्हणाली, व्हॅनवाले काका. दोन दिवस धड जेवले नाहीत.

धाकटी : शाल दे.

ताई : अगं, दिवसा तू बाई हो, ते चालेल. बाई कोणीही चालते तिला.

धाकटी : शाल दे म्हणतेय. तिला दिसतं अंधुक. आणि आपला आवाज फोनवर आपल्या आईलाही वेगळा कळायचा नाही. तू समजून मला ओरडायची.

ताई : आई म्हणून नाही ओळखलं तर?

धाकटी : तर उद्या जाऊ नकोस. मीच फोन करून सांगते डॉक्टरांना.

ताई : आणि ओळखलं तर?

धाकटी : ताई, वेळ होतेय.

ताई : बोल ना. तुला आई म्हणाली तर?

धाकटी : तर माझा जीव जाईल, तुझाही जाईल. पण पोट शिवून होईल. पाचला दोन मिनिटं आहेत.

ताई : आल्यावर लगेच हात धरू नकोस. आधी शाल चाचपू दे तिला.

(बेल वाजते.)

मैना : बाई... बेल.

ताई : हो, वाजली. बस तू, मी उघडते दार.

धाकटी : चल मैना, घरी.

(मैना हात पुढे करून चाचपडते.)

धाकटी : ही बघ शाल. घे हातात.

मैना : आई.

धाकटी : हो गं. आले मी.

मैना : आई आली. बाई, आई आली.

ताई : आली ना? सांगितलं होतं की नाही मी? जा आता. हळू. आईचा हात धर.

मैना : बाई... उद्या?

ताई : उद्या शाळा आहे. बाईंना तेवढी आठ दिवस सुट्टी.